एकटीचा गॅस

अ‍ॅबरडेअर,
९ फेब्रुवारी

प्रिय नेरिसताई,

शनिवारी प्यूकाकांच्या स्वयंपाकघरात कॅरिसनं एक प्रश्न विचारला आणि माझं सगळं उलटंपालटं झालं. कोणता ते सांगतो, दम धर. तू बरी आहेस ना? बाळाला दात आले का?

काका टेकडीवरचं शेवटचं घर विकतायत, ते बघायला गेलो होतो. घर कॅरिस घेणार, तिच्या दवाखान्यातल्या पगारावर. पण राहणार आम्ही दोघं, असं मी धरून चाललो होतो. तिच्यासाठीच तर कार्डिफचं कॉलेज सोडून आलो. मी वर पलंगाची जागा मोजत होतो. ही बया मात्र मुद्दाम कडाक्याच्या थंडीचा दिवस गाठून आलेली! भिंतीला तळवा लावून बघते काय, पाण्याला मीटर आहे की ठोक आकार ते विचारते काय! काकांनी तोऱ्यात हिवाळ्यात घर तापवायच्या गॅसचं बिल पुढं केलं. "बघ पोरी, किती कमी!"

"काका, तुम्ही एकाच खोलीत राहता. बाकीच्या खोल्यांत मला माझा श्वास दिसतोय. हे घराचं बिल नाही, तुमच्या खुर्चीचं आहे."

म्हातारा खो खो हसला. मी जिना उतरत होतो, तिथंच पुन्हा तिच्या प्रेमात पडलो.

मग तिनं विचारलं, "एकट्या माणसाला कौन्सिलच्या करात सूट असते, ती मिळते तुम्हाला?"

"मिळते की. बायको गेली तेव्हापासून चौथा हिस्सा माफ. नको होती मला ती माफी."

"मीही ती धरूनच चालले आहे," कॅरिस म्हणाली. हळू आवाजात, पण मला ऐकू आलं.

माझा स्वभाव तू जाणतेस. रस्त्यात ओरडलो, "मग मी कोण? पाहुणा?"

"झालं ओरडून? वर्षात तीन नोकऱ्या सोडल्यास, रॉड्री. तुला हिशेबात धरलं, तर तू कुणावर भडकलास की माझं घर हलणार. जीव आहे माझा तुझ्यावर. पण आधी मला एकटीला राहून बघू दे."



सोमवारी मी एकटाच काकांकडे गेलो. शिडी मोडकी, म्हणून माळा कुणी बघितलाच नव्हता. मी लोंबकळत चढलो. छताखाली ऊब धरायला लोकर अंथरतात ना, ती नव्हतीच, नुसत्या फळ्या! खरं सांगू? आधी आनंद झाला. एवढा गॅस तिला एकटीला झेपणार नाही, आता मी लागणारच! गप्प राहिलो असतो, तर पहिल्याच हिवाळ्यात तिनं मला बोलावलं असतं.

संध्याकाळी सांगून टाकलं. थंडीनं कुडकुडणारी कॅरिस मला बघवली नसती. तिनं माझे केस विस्कटले आणि लगेच फोन उचलला. पठ्ठीनं लोकरीच्या खर्चाइतका भाव पाडून घेतला, तोही काकांना हसवत! आज सौदा ठरला. आता बिलं तिला एकटीला झेपतात.

तिला कुणी हिशेबी म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे. आईलाही सांग.

ती कामावर गेली आहे. घर ताब्यात येईपर्यंत इथं तिच्या भाड्याच्या खोलीतच राहा म्हणते. मला नाही जमणार. स्वॉन्झीला दोस्त इवानकडे जातो. कॉलेजचं इतक्यात विचारू नकोस. माझी किल्ली मेजावर ठेवली आहे. हे दार एकदा ओढलं की किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही.

ओढतो.

तुझा भाऊ, आणि अजून तिचाच,
रॉड्री