नोलाचा नंबर, व्हर्नाचे पाय

अल्व्हरस्टोन, ४ सप्टेंबर १९९३

ती. व्हर्नाताईस, धाकट्या नोलाचा सा. न. वि. वि.

इकडे कांद्याची पेरणी उरकली, आमच्या ह्यांची, केल्विनची, कंबर धरली आहे आणि मॅगपाय पक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यात चोची मारू लागले आहेत. मी आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घालून पळते. हस खुशाल.

मॅरेथॉनच्या सरावात पहिल्या वर्षी केलेला मूर्खपणा यंदा नाही. तेव्हा हावरटासारखी दर आठवड्याला दहा किलोमीटर वाढवत गेले आणि नवव्या आठवड्यात नडगीचं हाड तडकलं. दुसऱ्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. आता डॉक्टर म्हणतात, वर्ष-दीड वर्षात गुडघा बदलावाच लागेल आणि मग पळणं कायमचं बंद. म्हणजे माझ्याकडे फेब्रुवारीतली होबार्टची ही एकच शर्यत आहे.

आमच्या क्लबातला लाकडी फळा तुला आठवत असेल. पहिली मॅरेथॉन पुरी करणाऱ्याचं नाव म्हातारा क्लॅरी त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवतो. नाव एकदाच लागतं, पहिल्या शर्यतीचं. मला ते हवं आहे, ताई. पन्नाशीत लाज सोडून सांगते.

तुझ्याकडेच उतरणार म्हणून छातीवर लावायचा नंबर तुझ्या पत्त्यावर मागवला आहे. तू मागितलेस म्हणून सरावाचे आकडेही सोबत आहेत.

तुझी,
नोला

होबार्ट, १२ सप्टेंबर १९९३

चि. नोलास अ. उ. आ.

पत्र पोचलं. दुखण्याची पानं मी वाचत नाही हे तुला ठाऊक आहे. आकडे तेवढे वाचते, ते रडत नाहीत. शाळेत पोत्यात पाय घालून पळायच्या शर्यतीत तू सुरुवातीच्या रेघेवरच पडली होतीस आणि आईने तुला पोत्यासकट घरी आणलं होतं. यंदा आणायला आई येणार नाही. वृद्धाश्रमात ती मलाच नोला म्हणते.

मी नवे बूट घेतले, बागेत फिरायला. आपलं माप अजून एकच आहे, पाय मात्र तुझेच बिघडले. आकडे दर महिन्याला न चुकता पाठव.

लोभ आहेच. तो वाढला नाही तरी तुझ्या गुडघ्यासारखा झिजू नये.

व्हर्ना

होबार्ट, २१ फेब्रुवारी १९९४

चि. नोलास अ. उ. आ.

न्यूमोनिया उतरला का? गेल्या मंगळवारी तू येत नाहीस असा केल्विनचा फोन आला तेव्हा मी तुझा नंबर हातात धरून उभी होते. वाया घालवायचा तरी कसा? काल सकाळी तो लावला आणि पळाले. चार तास बावन्न मिनिटं.

तोंडाचा आ करू नकोस. सहा महिने मी तुझेच आकडे पाळत होते. तू लिहायचीस अठरा, मी पळायचे अठरा. तू खोकत बसायचीस, मी पळायचे. आजच्या पेपरात तुझं नाव छापून आलं आहे, कात्रण जोडते. मेडल मात्र माझ्याकडेच राहू दे, घाम माझा आहे. आभार मानायची घाई नको, आधी बरी हो.

तुझी प्रेमळ ताई

अल्व्हरस्टोन, ६ मार्च १९९४

व्हर्नाताई,

नमस्कार लिहायला हात उठत नाही.

तिसऱ्यांदा माघार घेतली म्हणून लोक हसतील, या भीतीने मी केल्विनला सांगायला लावलं होतं की नोला होबार्टला गेली. मी इथे पडदे ओढून खोकत होते. क्लॅरीने पेपर वाचला आणि त्याच दुपारी माझं नाव रंगवलं. बायका केक घेऊन दारात आल्या. मी तो केक खाल्ला, ताई. चार दिवस मी गप्प बसले.

पाचव्या दिवशी क्लबात जाऊन खरं सांगितलं. ज्याचा नंबर, त्याची जबाबदारी, असा नियम आहे. आपल्या या बेटावरच्या सगळ्या शर्यती मला दोन वर्षं बंद. नंबर लावून कोण पळालं ते खोदून खोदून विचारलं, पण सख्ख्या बहिणीचं नाव माझ्या तोंडून निघेना. क्लॅरीने पात्याने माझं नाव खरवडलं. मी शिडी धरून उभी होते.

नोला

होबार्ट, १४ मार्च १९९४

चि. नोलास अ. उ. आ.

खरं सांगायला कुणी सांगितलं होतं? रडण्याची पानं सोडून दिली, आकडे शोधले तर एकही नाही. माझं नाव घेतलं नाहीस हे शहाणपणाचं केलंस, कारण जुलैत मी माझ्या नावाने पळणार आहे. इथल्या क्लबातही फळा आहे, चांगला पितळी. पहिलीच मॅरेथॉन म्हणून नाव लागेल. वेळ कमी आहे, तेव्हा जरा जोरकस वेळापत्रक पाठव. तुझे बूटही पाठव, आता पडूनच असतील.

माया आहे म्हणून हक्काने मागते.

व्हर्ना

अल्व्हरस्टोन, २० मार्च १९९४

ती. व्हर्नाताईस, नोलाचा सा. न. वि. वि.

राग किती दिवस धरायचा? आईला आता ओळख राहिली नाही, आपण दोघीच तर उरलो. बूट वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत.

वेळापत्रक सोबत आहे. हवं तसं जोरकस आहे. दर आठवड्याला दहा किलोमीटर वाढतात, एकही दिवस चुकवू नकोस. पहिल्या वर्षी मी हेच पाळलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते तुला मागेच लिहिलं आहे, दुखण्याच्या पानात.

नवव्या आठवड्यात खुशाली कळव. तुझी पत्रं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

तुझी लाडकी,
नोला