‘यशस्वी’मधला व

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेत आम्हा मराठी पोरींना कानडी शिकवताना तुम्ही किती दमत असाल, हे मला परवा खानापुरात कळलं. उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या ऑफिसात कामाला होते, ते बंद पडल्यावर मी दुकानांतली कार्डानं पैसे घ्यायची मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका एजन्सीत लागले. या वयात नवं काम, तेही अजून कायम झालेलं नाही, आणि एकटीनं जायची ही पहिलीच वेळ.

तक्रार औषधाच्या दुकानातली होती. गिऱ्हाईक आसपासच्या कानडी खेड्यांतलं, म्हणून मालकांनी पावती कानडीत ठेवलेली. मशिनमध्ये नवं सॉफ्टवेअर भरल्यापासून पावतीवर अक्षरांचा नुसता चिवडा येत होता. मी पोचले तेव्हा एक म्हातारी पावती उजेडात धरून उभी होती. पैसे पोचले की नाही हेच तिला कळेना, औषध हातात असूनही ती पायरी उतरेना. मालक म्हणाले, होत नसेल तर मशीन घेऊनच जा. निघताना आमच्या साहेबांनीही सांगितलं होतं, "जमलं न्हाय तर सरळ इंग्लिश करून ये, लई डोकं लावू नको."

मी तेच करणार होते. कागदाचा रोल काढून पुन्हा घातला, मशीन बंद करून चालू केलं, तरी तेच. मग पावती नीट बघितली आणि तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. शनिवारची शाळा सुटलीय, तुम्ही भाकऱ्या थापताय, आणि मी परातीतल्या पिठात बोटानं अक्षरं काढतेय. कानडीत जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली बसतं, ते मी नेहमीसारखं बाजूला काढते. तुम्ही पिठाच्याच हातानं माझं बोट धरता. "अगं, लेकरू हाय ते. आईच्या पायाशी बसीव की. असं रस्त्यावर काय सोडतीस?" मला रडू आलं, तेव्हा पहिली गरम भाकरी तुम्ही माझ्याच ताटात वाढलीत, वर लोणी.

पावतीवर अगदी तेच झालेलं. मी मशिनच्या कंपनीच्या बेंगळूरच्या ऑफिसला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय. मी त्याला कानडीत सांगितलं, "शेवटच्या ओळीत पैसे पोचल्याचं ‘यशस्वी’ आहे ना, त्यातला ‘व’ ‘स’च्या खाली बसायचा सोडून पुढं जाऊन उभा राहिलाय." त्यानं तिकडं तपासून बघितलं. मग म्हणाला, मशिनमध्ये अक्षरांची जुनी फाईल राहिली असणार, नवी पाठवतो. ती उतरली, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि मालकांनी म्हातारीची पावती परत काढली. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं ती वाचली, घडी घालून कनवटीला लावली आणि गेली. मी तिथल्याच स्टुलावर बसून बाटलीतलं सगळं पाणी प्यायले.

आता पिरनवाडीकडची दुकानंही मीच बघायची, असं साहेब म्हणालेत. येताना बसमध्ये उगाचच हसू येत होतं.

हे पत्र कुठं पाठवणार? पण बाई, एक सांगते. सुरुवात मी कानडीतच केली होती. दोन ओळी लिहिल्या आणि खोडून टाकल्या. त्यांत चुका होत्या.