नागीण नव्हे ती

समर्थ,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही. सध्या रेडीला कारखान्यात काजू सोलते. इथल्या खाणीच्या लाल धुळीमुळे कपडे धुतले तरी लालच राहतात. ते जाऊ दे.

आपण तारकर्लीत एकत्र होतो आणि तुझ्या कमरेखाली फोड आले तेव्हा तू म्हणालास, "नागीण आसा गो. माझी मावशी गेरूची काव लावतली, आठ दिवसांत जातली." मी विश्वास ठेवला. आता तसेच फोड मला आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नागीण नव्हे, हर्पीस आहे, संबंधातून लागतो. अशा जखमांतून एचआयव्हीला आत शिरणं सोपं होतं. फोड सुकले तरी धोका राहतो."

माझी एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे. तूही तपासून घे असं फोनवर सांगितलं तर म्हणालास, "माझी नागीण गेली, माका कित्याक व्हयी तपासणी?" आणि माझा नंबर ब्लॉक केलास. वैशाखात लग्न करतोयस, गाढवा! त्या पोरीलाही मावशीची काव लावणार काय?

हे पत्र पोस्टात टाकलं तर आधी तुझी आई फोडेल, म्हणून टाकत नाही. उद्या सकाळच्या एसटीने मीच येते. तुला सरकारी दवाखान्यात नेणार, आणि त्या पोरीला सगळं तुलाच सांगायला लावणार.

तुझ्यावर भयंकर वैतागलेली,
संचिता