हात धुण्याची परीक्षा

२५ ऑगस्ट, सोमवार
कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगचा पहिला दिवस. वर्गात एकतीस जण. चोपन्न वर्षांचा आणि मिशीवाला मी एकटाच. तीस वर्षं प्लंबिंग केलं, आता गुडघे सिंकखाली शिरू देत नाहीत. डॉक्टर म्हणाला, उभ्याने करायचं काम बघा. म्हणून नर्सिंग. माणसाचं शरीर म्हणजे शेवटी पाइप, व्हॉल्व्ह आणि एक पंप. निम्मा अभ्यास झाल्यातच जमा.

लॅबमधला नळ गळतो. वॉशर गेलाय. शिकवणाऱ्या मिसेस प्रूइटना सांगितलं. त्या म्हणाल्या, ते काम कॉलेजच्या दुरुस्तीवाल्यांचं, तुम्ही हात लावायचा नाही.

संकल्प: नर्स झालो की बायकोची, मार्लिसची, बेकरीतली पहाटेची पाळी बंद. माझ्या फीसाठी तिने ती धरली आहे. दुकानातली दिवसभराची नोकरी वेगळीच. तिला सांगितलं, दोनच वर्षं. ती म्हणाली, बघू.

९ सप्टेंबर
शुक्रवारी पहिली परीक्षा. हात धुणे. हसावं की रडावं? तीन संधी मिळतात, तिन्ही हुकल्या की वर्गातून नाव कमी. बाकीची पोरं घाबरलीत. शेजारी बसणारी ब्रिन, वय एकोणीस, लॅबमध्ये रोज सराव करते. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण या ना." म्हटलं, बाळ, तुझ्या जन्माआधीपासून मी नळांत आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
नापास. साबण, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं उत्तम. हात कोरडे केले आणि नळ बंद केला. नुसत्या हाताने. तो कागदी रुमालाने बंद करायचा असतो, कारण नळावर जंतू. तीस वर्षांत मी एकही नळ चालू ठेवून वळलेलो नाही, त्याचं हे बक्षीस. मिसेस प्रूइट म्हणाल्या, "लाइल, आजवर पाहिलेल्या हातांत तुमचे सगळ्यात स्वच्छ होते. नळाला लागेपर्यंत."
ब्रिन पास. नशीब एकेकाचं.
मार्लिसला सांगितलं, परीक्षा छान झाली. निकालाचं ती बोलली नाही, मीही नाही.

२५ सप्टेंबर
उद्या दुसरी संधी. मनातल्या मनात सराव चालू आहे. उगाच कागद कशाला वाया घालवायचे? शिवाय युक्ती सापडली. तळहातावर पेनने मोठ्ठं लिहायचं: कागद.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
शब्द धुऊन गेला. दोनदा साबण लावला, अक्षरंच उरली नाहीत. नळ बंद केला.
मिसेस प्रूइटनी स्वच्छतेचं पुन्हा कौतुक केलं.

२ ऑक्टोबर
मार्लिसला खरं सांगितलं. ओरडली असती तर बरं होतं. बेकरीतून कागदी रुमालांची गड्डी घेऊन आली आणि आमच्या सिंकशी उभं करून माझ्याकडून चाळीस वेळा करून घेतलं. शेवटच्या दहा वेळा एकही चूक नाही. उद्या पास. लिहून ठेवतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी १
साबण. वीस सेकंद. हात कोरडे. नवा कागद घेतला. कागदाने नळ बंद केला. कागद कचऱ्यात. हात वर. मिसेस प्रूइट हसून लिहायला लागल्या.
टप.
दुरुस्तीवाल्यांनी अजून वॉशर बदलला नव्हता.
टप.
मी खरंच काही ठरवलं नव्हतं. नुसता हात नळाकडे गेला आणि त्याची मूठ घट्ट पिळून आला. त्या म्हणाल्या, "लाइल, थांबा," पण तोवर झालं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मी 'पास' लिहीत होते. त्यांचेच डोळे भरून आले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो म्हणे.
खरं तर त्या एका जागेची माझ्यापेक्षा एखाद्या तरुणाला जास्त गरज असेल.

४ ऑक्टोबर
मार्लिसला रात्री सांगितलं. तिने विचारलं, "गळायचा थांबला का तो नळ?"
म्हटलं, "थांबला."
"मग ठीक," म्हणाली आणि उद्याचा गजर लावला.

५ ऑक्टोबर, रविवार
जेवणाआधी हात धुतले. वीस सेकंद, बेचक्या, नखं. हात कोरडे केले, नवा कागद घेतला, त्याने नळ बंद केला, कागद टाकला. मनात काही न आणता. हात आपोआप चालले.
दाखवायला मागे वळलो. मार्लिस टेबलावर डोकं टेकून झोपली होती. बेकरीचा एप्रन अजून अंगावरच होता.