सातव्या होलचं टेकाड

धायरी, पुणे
१९ जानेवारी २०२५

चि. सुनीती,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, म्हणजे तुझी आई बरी आहे. मी रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घेतली नाही. आता घेतलीच नसेल तर काय, हा घोर लागला आहे. तिकडे राजस्थानात थंडी फार असेल. तंबूत शेगडी पेटती ठेवून झोपू नकोस. फोन केला की ‘अण्णा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस, म्हणून लिहितो आहे.

तू मोबाइलवर पाठवलेला माफीनामा दोनदा वाचला. ‘कमी शिक्षणामुळे मला नकाशा समजला नाही आणि खुंट्या चुकीच्या जागी लागल्या.’ खाली सहीला जागा. आई म्हणाली, “अहो, करून टाका सही. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. एका सहीनं काय झिजणार आहे तुमचं?”

सही करणार नाही.

नकाशा मला समजला होता. सातवी पास असलो तरी अडतीस वर्षं पुण्यातल्या गोल्फच्या मैदानावर गवत राखलं आहे. उंचसखलाच्या रेघा मला वाचता येतात. दिवाळीत तू राजस्थानातल्या नव्या गोल्फ मैदानाचा तो नकाशा घरी फरशीवर पसरलास. सातव्या होलशेजारी ते वाळूचं मोठं टेकाड जसंच्या तसं ठेवलं होतंस. “हे वाऱ्यानं बांधलंय अण्णा, मी फक्त वापरणार,” म्हणालीस. किती खूश होतीस.

मग तिथे कुठलं गवत धरेल ते बघायला मला पंधरा दिवस घेऊन गेलीस. मी गवताआधी टेकाड बघितलं. आडोशाच्या बाजूला शेळ्यांच्या लेंड्यांचा वीतभर थर. झुडपं सगळी एकाच अंगाला झुकलेली. म्हणजे उन्हाळी वारं पलीकडून येतं आणि शेळ्या वर्षानुवर्षं इथेच बसतात. नेमकी तिथेच तू हिरवळ आखली होतीस. टेकाड काढलं तर पहिल्याच उन्हाळ्यात ती वाळूखाली जाईल. शेळ्यांना कळतं ते तुझ्या सौमित्र सरांना कळलं नाही. क्लबच्या व्हरांड्यातून सातवं होल दिसत नाही म्हणून त्यांनी नकाशातल्या टेकाडावर लाल फुली मारली, म्हणजे टेकाड काढायचं.

दुसऱ्या दिवशी टेकाडाभोवती, बुलडोझरनं कुठे खणायचं ते दाखवणाऱ्या खुंट्या लागल्या. सगळे जेवायला गेल्यावर मी त्या उपटल्या आणि तुझ्या पहिल्या नकाशाप्रमाणे पलीकडच्या उतारावर ठोकल्या. बुलडोझर चालवणारा पोपट वर चढताना म्हणाला, “अण्णा, खुंट्या हलल्या काय हो?”

“सुनीती मॅडमचा नकाशा आहे हा. चालव.”

खोटं काय बोललो? पोपटला मात्र कुणी बोल लावू नका.

एवढं लिहून गॅस बंद आहे का ते बघून आलो. बंदच होता.

सरांनी फुली मारली तेव्हा मी तंबूच्या दारात होतो. तुला दिसलो नसेन. तू मान खाली घालून ‘येस सर’ म्हणालीस. आणि हसलीस. ते हसू माझं आहे, पोरी. साहेबांपुढे मी असाच हसत आलो.

तू चौथीत असताना साहेबांच्या हुकमानं भर दुपारी औषध मारलं आणि अठराव्या होलचं गवत जळालं. मी आधीच नको म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही. माफीनामा माझ्याकडून मागितला. तुझं अक्षर चांगलं म्हणून तुला लिहायला बसवलं. ‘मी अडाणी माणूस असल्याने’ सांगितलं, तेव्हा तू पेन थांबवून विचारलंस, “अण्णा, तुम्ही अडाणी आहात?”

मी म्हणालो, “लिही.”

त्या दिवशी नोकरी वाचली. पण आता तू पाठवलेल्या माफीनाम्यात तेच वाक्य बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

म्हणून काल मी सरांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. खुंट्या समजून-उमजून मी हलवल्या. नकाशा माझ्या मुलीचा आहे आणि तो बरोबर आहे. मे महिन्यातलं वारं बघा, मग टेकाडाला हात लावा. खाली पूर्ण नावाने सही केली.

तुझी नोकरी जाईल या भीतीने जेवण जात नाही. तरी ते पत्र परत घेणार नाही. सर तुला विचारतील. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी लिहून देणार नाही.

रागावली असशील तर भांडायला ये. पण मान वर करून ये.

तुझा,
अण्णा