वेबसाईट : संदीप, संदीप

प्रिय संदीप,

येत्या रविवारी मेळावा आहे, आणि त्याआधी मला तुझ्याशी भांडून घ्यायचं आहे. राग शांत झाला की लिहू, असं ठरवलं होतं. तुला जाऊन पाच महिने झाले. तो शांत होत नाही, उलट परवापासून वाढला आहे. म्हणून आता लिहिते.

परवा सकाळी मी देऊळघाटला तुझ्या घरी होते. तुझी वैशाली मेथी निवडत होती. तुझा फोन वाजला तशी ती ओल्या हातानेच उठली. "हाव, आला. घ्या लिहून. चार. शून्य. नऊ." एकेक आकडा सुटा सुटा, पहिलीच्या पोराला सांगावा तसा. सहा आकडे झाले, तिने फोन परत चार्जरला लावला आणि येऊन बसली.

"कशाचा ओटीपी?" मी विचारलं.

"मेळाव्याचा, ताई. दुसरा कशाचा येते?"

तासाभराने तिने सहज मेळाव्याची वेबसाईट उघडून पाहिली. उघडताच तुझा फोटो. फोटोला झेंडूचा हार, खाली समई. हार वाऱ्यावर हलतो तसा हलत होता आणि समईची वात लुकलुकत होती. मघाचे आकडे घेऊन निखिलने बनवलं होतं सगळं. त्याला तेवढं येतं, तूच शिकवलंस.

"हार हलून राह्यला, ताई," वैशाली म्हणाली. मग पुन्हा मेथी निवडायला लागली.

तुला माहीत नसेल, तिच्या घरात तुझ्या फोटोला अजून हार नाही. तेराव्याला काका घेऊन आले होते, तिने घालू दिला नाही. आणि परवा तिनेच आकडे वाचून दाखवले, तेव्हा कुठे तो हार वेबसाईटवर चढला. तिला कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे, हेही कुणाला वाटलं नाही.

आता मला सांग, याला जबाबदार कोण? निखिल? मी दोन दिवस निखिलवरच चिडून होते.

तू पुणं सोडून देऊळघाटला परत आलास, तेव्हा मी खूश होते. घरी बसून कंपनीचं काम करायचास आणि संध्याकाळी गच्चीवर पोरं जमवून शिकवायचास. एकदा मला म्हणालास, "ताई, पुण्याच्या वेबसाईटवाल्यांच्या परिषदेत बुलडाण्याची पोरं मागच्या रांगेत बसतात. इंग्रजीत कोनी काई इचारत नाई. टी-शर्ट घेऊन परत येतात. वेबसाईट कशी बनवाची हे आपल्या बोलीत काऊन नाई सांगता येत?"

मग तू आपल्याकडेच मेळावा भरवायचं ठरवलंस, आणि मी मराठी शिकवते म्हणून मला धरून नेलंस. वाटलं होतं मोठं काम असेल. तू विचारलंस, "ब्राउझरले काय म्हनू?" मी म्हटलं, "ब्राउझरच म्हण." तू म्हणालास, "मंग तुले कशाले आनलं?" आणि नोंदणीच्या टेबलावर बसवलंस. तिथेच आहे मी अजून, नावं लिहिते आणि बिल्ले देते.

पहिला मेळावा आठवतो? कॉलेजचं सभागृह आपल्याला मिळालं होतं, पण त्याची किल्ली ज्याच्याकडे होती तो चिखलीला लग्नाला गेला होता. फोन बंद. मोताळ्याहून, मेहकरहून, खामगावहून आलेली पोरं उन्हात पायऱ्यांवर बसली. पहिलं भाषण हिवरा आश्रमच्या अश्विनीचं होतं. पंधरा दिवस तयारी करून ती आली होती. तू तिला म्हणालास, "इथंच बोल." तिने पायरीवर लॅपटॉप ठेवला आणि बोलली. दहा जणांना पडदा दिसला असेल, बाकीच्यांनी नुसतं ऐकलं. किल्ली आली तेव्हा तिचं संपलं होतं.

त्या दिवशी तू नियम केलास. एका कामाला दोन माणसं. किल्ली दोघांकडे. प्रोजेक्टर दोघांना लावता आला पाहिजे. चहावाल्याचा नंबर दोघांकडे. एकाला ताप आला, लग्न निघालं, भांडण झालं, तरी काम थांबता कामा नये. मला हा नियम फार आवडला होता. वर्गात पोरांना सांगितलासुद्धा.

दुसऱ्या वर्षापासून ती यादी माझ्या हातची. अक्षर चांगलं म्हणून. तू बोलायचास, मी लिहायचे. नोंदणी : ताई, वैशाली. प्रोजेक्टर : निखिल, अश्विनी. जेवण, खुर्च्या, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, सगळं दोन दोन नावांनी. मग वेबसाईट.

"संदीप," तू म्हणालास.

"आणि दुसरं?"

"संदीपच लिही. मी हाय ना."

सगळे हसले. मीही हसले. आणि लिहिलं.

दर वर्षी लिहिलं, संदीप. चार याद्या माझ्याकडे आहेत. चारही यादीत त्या ओळीला तेच नाव दोनदा. चारही वेळा तेच हसू.

मी हाय ना. हे तीन शब्द मला आता सहन होत नाहीत. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी तुझ्या छातीत दुखत होतं. वैशाली म्हणाली, बुलडाण्याला दवाखान्यात जाऊ. तू म्हणालास, ऍसिडिटी आहे, दुपारून जातो, वेबसाईटवर वक्त्यांचा फॉर्म तेवढा सुरू करतो. ती म्हणाली, निखिलला सांगा ना. तू म्हणालास, त्याले नाई जमत, मी हाय ना. फॉर्म अकराला सुरू झाला. दुपारी गाडीने नेताना तू बुलडाण्याच्या अलीकडेच, रस्त्यात गेलास.

तो फॉर्म निखिलला जमला असता, संदीप. मी त्याला विचारलं. त्याला केव्हाचं येतं. तू कधी करू दिलं नाहीस.

लोक येऊन सांगतात, तू किती भला होतास. होतास. कुणाचा लॅपटॉप बिघडला, कुणाची मुलाखत आहे, तू धावायचास. पण तुझ्यावाचून कुणाचं तरी अडावं, हे तुला आवडायचं. हे कुणी सांगत नाही. मी बहीण आहे, मी सांगते.

तेराव्याला निखिल धामणगाव बढेहून आला आणि ओसरीत बसून पोरासारखा रडला. मग खाली बघत म्हणाला, "वहिनी, वाईट नका मानू, पासवर्ड..." वेबसाईटचा पासवर्ड तुझ्या डायरीत सापडला. पण दर वेळी आत शिरायचं तर आकडे तुझ्या फोनवर येणार, तसं तूच करून ठेवलेलं. सुरक्षेसाठी. मग वैशाली फोन सांभाळायला लागली.

वक्त्याचं नाव बदललं, आकडे. भाषणाची वेळ बदलली, आकडे. ती फोन घेऊन न्हाणीपर्यंत जाते. आणि संपर्क म्हणून वेबसाईटवर तुझाच नंबर आहे. नवी पोरं फोन करतात. "संदीप सर आहेत का?" मी एकदा तिच्याशेजारी उभी होते. पलीकडचा पोरगा विचारत होता, मुक्कामाची सोय आहे का. तिने सांगितलं, आहे, कॉलेजातच आहे, पांघरूण आणा. मग त्याने तुझ्याशी बोलायचं म्हटलं. ती म्हणाली, "संध्याकाळी करा फोन."

संध्याकाळी त्याचा फोन आला. तिने उचलला नाही. वाजू दिला.

दिवाळीला ती माहेरी गेली नाही. मला वाटलं, पहिली दिवाळी, नसेल जायचं मन. मी समजूतदारपणे काही विचारलं नाही. माझा समजूतदारपणा. परवा, त्या हाराच्या दिवशी, मी म्हटलं, मेळावा झाला की आईकडे जाऊन ये चार दिवस. मेथी निवडता निवडता म्हणाली, "कशी जाऊ ताई? तिथं रेंज नाई."

पाच महिने ती त्यासाठी गेलेली नाही. तिची आई मेहकरकडच्या त्या खेड्यात वाट बघते आणि ही इथे तुझ्या फोनची राखण करत बसली आहे. मेळावा लोकांचा आहे म्हणायचास ना? ही लोकांत मोडते की नाही?

काल संध्याकाळी मी तिघांना माझ्या घरी बोलावलं. निखिल, अश्विनी आणि वैशाली. वैशाली फोन हातात घेऊनच आली. निखिलला वाटलं बॅनरचं बोलायचं आहे. मी चहासुद्धा ठेवला नाही, यावरून त्याला समजायला हवं होतं.

मी विचारलं, "हे आकडे दुसऱ्या कुणाच्या फोनवर येतील असं करता येत नाही का?"

अश्विनी म्हणाली, "येते ना. दहा मिनिटांचं काम हाय."

"दहा मिनिटांचं?"

"मी दोनदा म्हटलं, ताई. हा रडते."

"रडत नाई बे मी," निखिल म्हणाला.

"मंग काय करतं? 'राहू दे ना, दादाचं नाव हाय तोवर वाटते दादा हाय.' कोन म्हटलं हे?"

तो माझ्याकडे वळला. "ताई, तिथं मालक म्हनून दादाचं नाव हाय. ते काढून माह्यं टाकू? मले हात नाई लागत. तुम्हीच सांगा, पुसू का मी दादाले?"

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. कपाटातून चार याद्या काढल्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवल्या. ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाचलं. अश्विनीने वाकून वाचलं. या पोरांना तू शंभरदा शिकवलंस की सगळं एकाच यंत्रावर ठेवू नका, ते बंद पडलं तर सगळं जाईल. ते दोघे आता दुसऱ्यांना हेच शिकवतात. रविवारी अश्विनीच्या भाषणाचा विषयही तोच आहे.

"हे तुमचं अक्षर हाय," निखिल म्हणाला.

"माझंच."

"मंग तुम्ही काऊन लिहिलं?"

बरोबर विचारलं त्याने. मी मास्तरीण आहे. पोराने एकच शब्द दोनदा लिहिला तर मी लाल शाईने गोल करते. चार वर्षं इथे गोल केला नाही. कारण मलाही वाटायचं, तू आहेस ना. तुझ्यावर चिडण्यात माझा हाही राग आहे, आणि तो तुझ्यावर ढकलून चालणार नाही, हे कालपासून कळतंय. तरी थोडा ढकलते. तू ऐकून घे.

तेवढ्यात वैशाली बोलली. ती बोलेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"निखिलभाऊ, मले हा फोन बंद करायचा हाय."

"वहिनी, रविवार होऊ द्या..."

"रविवारचं नाई इचारून राह्यली. तुम्ही म्हनता नाव हाय तोवर दादा हाय. फोन वाजला का दर खेपी मले वाटते त्याहींचाच हाय. त्याहींच्या फोनवर त्याहींचाच फोन कसा येईन? पन वाटते. किती दिवस वाटू देऊ?"

निखिल खरंच रडला. अश्विनीने या वेळी टोमणा मारला नाही.

मग काम सुरू झालं. माझ्याच टेबलावर, निखिलच्या लॅपटॉपवर. वैशालीने शेवटचे सहा आकडे वाचले. निखिलने ते टाकले. दहा मिनिटं लागली नाहीत, सातच लागली. मी घड्याळ बघत होते. पाच महिने आणि सात मिनिटं. मग पडताळून बघायला अश्विनी वेबसाईटमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरली, तेव्हा निखिलच्या खिशात फोन वाजला. आम्ही सगळ्यांनी वैशालीच्या हाताकडे पाहिलं. तीही पाहत होती. तिच्या हातातला फोन गप्प होता.

हार आणि समई निखिलने स्वतःच काढली. मी सांगितलं नव्हतं. त्या जागी रविवारचा कार्यक्रम लावला. पहिलं भाषण, सकाळी नऊ, अश्विनी. खाली संपर्काला दोन नंबर, त्याचा आणि तिचा.

मग मी यंदाची यादी लिहायला घेतली. वेबसाईटच्या ओळीशी हात थांबला. तो तुझ्यासाठी थांबला असेल, किंवा सवयीने. वेबसाईट : निखिल, अश्विनी. लिहिलं. तुझं नाव यादीत कुठेच नाही. संदीप, तुझ्या मेळाव्याच्या यादीत तुझं नाव नाही, आणि ते मी माझ्याच हाताने गाळलं. हा राग कुणावर काढू?

फोन आता माझ्याकडे आहे. बंद करायचा म्हणत होती, तरी वैशालीलाच वाटत होतं अजून थोडे दिवस सुरू ठेवावा, कुणाकडे जुना नंबर असेल, पोरं अडायला नकोत. मी म्हटलं, दे इकडे. रविवारपर्यंत मी उचलेन.

आता तुला शब्द देते. रविवारी नऊ म्हणजे नऊला अश्विनी बोलायला उभी राहील. तुझ्यावर कुणी भाषण करणार नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. किल्ल्या दोघांकडे आहेत, मी स्वतः पाहिल्या. सोमवारी सकाळी मी वैशालीला मेहकरच्या एसटीत बसवून देईन. तिच्या पिशवीत हा फोन नसेल.

आणि तोवर तुला कुणी मागितलं तर मी त्याला संध्याकाळी करा म्हणणार नाही. सांगेन, संदीप वारला. पाच महिन्यांत मी हे अजून एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही, पत्रातसुद्धा आत्ताच पहिल्यांदा लिहिलं.

फोन वाजतोय. उचलते.

तुझी,
ताई