मसाल्याच्या डब्यात डॅशबोर्डचे स्क्रू

धम्मप्रियाचे पप्पा,

तुम्ही पॉलिश आणायला नांदेडला गेले, म्हणून ही चिठ्ठी मसाल्याच्या डब्याखाली ठिवून राहिले. डब्यात तुमच्या अँबेसिडरचे स्क्रू हायेत. सकाळी मोहरीसंगं एक फोडणीत गेला. तडतडला न्हाई म्हणून कळलं.

डॅशबोर्डची सगळी बटनं अन् चकचकीत पट्ट्या काढून दिवाणावर मांडल्या. वर कोणतं बटन कशाचं ते कळावं म्हणून त्यायला माझ्या टिकल्या चिटकवल्या! लाईटला लाल, वायपरला मरून. अख्खं पाकीट संपवलं. आता मी भावाच्या घरी कपाळाला वायपर लावून जाऊ का?

उद्या सकाळी दहाला जळकोटला नागसेनच्या नव्या घराची बुद्धवंदना हाय, हे महिनाभर ठाऊक होतं तुम्हाला. तरी गाडी आजच उघडली. माझ्या माहेरी जायचं निघालं की हिचं काही ना काही निघतंच. नागसेननं एकदा हिला भंगार म्हणलं, ते तुम्ही दोन वर्षं धरून बसले. आता दिवाणाकडं बघा अन् सांगा, माझा भाऊ काय खोटं बोलला?

मी बसनं चालले. भाजी झाकून ठिवली हाय, जपून चावा.

हेडलाईटचं बटन हुडकू नका. ते माझ्या पर्समधी हाय. पोचल्याबरोबर नागसेनच्या हातात देणार. पाहिजे असंल तर सकाळची पहिली बस धरा, अन् त्याच्याकडून मागून घ्या.

पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय.

महामाया